‘द थर्टी-नाइन स्टेप्स’मधलं न वाजणारं इंजिन, उद्यमनगरच्या नजरेतून

हेरपटातली चोरीला जाणारी वस्तू काय आहे याला काही महत्त्व नसतं, असं आल्फ्रेड हिचकॉक पुढे मुलाखतींतून सांगत असे. पात्रांनी तिच्यामागे जिवाच्या आकांतानं धावावं, प्रेक्षकानं फक्त धावपळ बघावी. अशा वस्तूला त्यानं रूढ केलेलं ‘मॅकगफिन’ हे नाव आता सिनेमावर लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. त्याच्या बऱ्याच चित्रपटांना हे लागू पडतं. पण १९३५ च्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ला ते लावलं की चित्रपटाचा अर्धा जीव जातो, असं आमचं ठाम मत आहे. इथली गुप्त वस्तू आहे विमानाचं आवाज न करणारं इंजिन. ते १९३५ सालीच का सुचावं, त्याचं सूत्र बरोबर की चूक, ते कागदाशिवाय देशाबाहेर नेता येईल का, हे प्रश्न विचारत बसलं तर चित्रपट जास्त रंगतो. आणि हे प्रश्न विचारायला कोल्हापूरइतकं योग्य गाव दुसरं नाही. शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे गावातल्या कारखान्यांच्या वसाहतीत, कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधला वायू किती पट दाबला जातो ते प्रमाण) म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, आणि बोलपट कसा घडतो हे या गावानं १९३२ मध्येच करून दाखवलेलं आहे.

पुढे शेवटासकट सगळं उघड केलं आहे. चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहा, ८६ मिनिटांचाच आहे.

कथा थोडक्यात. कॅनडाहून लंडनला आलेला रिचर्ड हॅने (रॉबर्ट डोनॅट) एका म्युझिक हॉलमध्ये ‘मिस्टर मेमरी’ नावाच्या कलाकाराचा खेळ बघत असतो. मेमरी (वायली वॉटसन) हजारो माहितीचे तुकडे पाठ ठेवतो आणि प्रेक्षक विचारतील त्याचं उत्तर देतो. हॅने विचारतो, विनिपेग मॉन्ट्रियलपासून किती लांब? उत्तर तत्काळ येतं: १,४२४ मैल. हॉलमध्ये गोळीबार होतो, पळापळ होते, आणि एक अनोळखी बाई हॅनेच्या घरी आसरा मागते. ती पैसे घेऊन काम करणारी हेर असते. ब्रिटनच्या हवाई संरक्षणाशी संबंधित एक गुपित देशाबाहेर चाललं आहे, आणि त्यामागच्या माणसाच्या करंगळीचं पेर तुटलेलं आहे, एवढं ती सांगते. रात्री तिचा खून होतो. तिच्या हातातल्या स्कॉटलंडच्या नकाशावर एका गावाभोवती खूण असते. मागे पोलीस, पुढे हेर, अशा स्थितीत हॅने उत्तरेला निघतो. शेवट लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहात होतो.

मूळ कादंबरी जॉन बखनची, १९१५ ची. तिच्यात इंजिन नाही. तिथलं गुपित ब्रिटिश आरमाराच्या हालचालींचं आहे. चार्ल्स बेनेटनं पटकथा करताना आरमार काढून विमान आणलं. मधल्या वीस वर्षांत भीतीची जागाच बदलली होती. नोव्हेंबर १९३२ मध्ये ब्रिटिश मंत्री स्टॅन्ली बाल्डविननं पार्लमेंटमध्ये सांगून टाकलं होतं की बॉम्बफेकी विमान काहीही केलं तरी पोहोचणारच. मार्च १९३५ मध्ये जर्मनीनं आपल्या हवाई दलाची उघड घोषणा केली. जूनमध्ये हा चित्रपट लंडनला झळकला. शत्रुदेशाचं नाव त्यात एकदाही येत नाही, आणि तेव्हाच्या प्रेक्षकाला ते सांगायची गरजही नव्हती.

आता मुख्य प्रसंग. पॅलेडियमच्या रंगमंचावर मेमरीला गोळी लागलेली आहे. व्यवस्थापकांनी प्रेक्षकांत घबराट पसरू नये म्हणून नाचणाऱ्या मुलींना रंगमंचावर सोडलंय, बँड वाजतोय. विंगेत मरणाच्या दारात असलेला मेमरी पाठ केलेलं गुपित धापा टाकत म्हणून दाखवतो. पहिलं वैशिष्ट्य: खूप वाढवलेलं कॉम्प्रेशन रेशो. मग एक सूत्र: आर वजा एक भागिले आर, गॅमा घात. आर म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. मग सिलिंडरच्या दोन ओळींमधला कोन ६५ अंश. मग सिलिंडरची मापं. आणि शेवटी, या रचनेमुळे इंजिन पूर्णपणे नीरव होतं.

हे सूत्र कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. पेट्रोल इंजिनाची आदर्श कार्यक्षमता काढायचं सूत्र पाठ्यपुस्तकात असं असतं: एक भागिले आर घ्या, त्याचा ‘गॅमा वजा एक’ इतका घात करा, आणि तो एकातून वजा करा. गॅमा म्हणजे वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचं (स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या) गुणोत्तर, हवेसाठी १.४. आर ६ धरला तर कार्यक्षमता येते ०.५१, म्हणजे ५१ टक्के. आर ८ केला तर साडेछप्पन. प्रत्यक्ष इंजिन घर्षण आणि उष्णतेच्या गळतीमुळे याच्या बरंच खाली राहतं, पण रेशो वाढवला की फायदा होतो एवढं यातून कळतं.

मेमरी जे बोलतो ते मात्र दोन तऱ्हांनी लिहिता येतं. आर वजा एक, भागिले आर, आणि या सगळ्याचा गॅमा घात, असं धरलं तर आर ६ ला ०.७७ येतं. गॅमा घात फक्त खालच्या आरचा धरला तर पाचाला १२.२९ नं भागायचं, उत्तर ०.४१. खरं उत्तर या दोन्हींच्या मधे कुठेतरी. पटकथाकाराला सूत्र नीट माहीत नव्हतं असं म्हणून हे सोडून देता येईल. पण आम्हाला यात वेगळंच दिसतं: कंस उच्चारता येत नाही. सूत्र तोंडानं सांगितलं की कंस कुठे उघडतो आणि कुठे बंद होतो हे हरवतं, आणि त्या एका हरवलेल्या खुणेनं ७७ चे ४१ होतात. मेमरी एक अक्षर न चुकता ऐकलेलं परत म्हणतो, पण त्याला अर्थ कळत नाही, म्हणून चूक शिरली तर ती पकडणारं त्याच्या डोक्यात कोणीच नाही. असा माणूस गुपित पोहोचवायला वरवर पाहता बिनचूक वाटतो, आणि नेमका तांत्रिक मजकुराच्या बाबतीत धोक्याचा ठरतो.

कॉम्प्रेशन वाढवलं म्हणून इंजिन शांत कसं होईल, हा पुढचा प्रश्न. याचं उत्तर पूर्ण नकारार्थी नाही. एक्झॉस्टचा फटाका वाजतो तो व्हॉल्व उघडताना सिलिंडरमध्ये उरलेल्या दाबामुळे. रेशो जास्त असला की पेटलेला वायू जास्त प्रसरण पावतो, दाब पिस्टनवर खर्ची पडतो, आणि व्हॉल्व उघडतो तेव्हा बाहेर पडणारा धक्का तुलनेनं मऊ असतो. म्हणजे पहिलं वैशिष्ट्य आणि शेवटचा दावा यांच्यात धागा आहे. तो लेखकानं विचारपूर्वक ठेवला की योगायोगानं जमला, काही असो, तो तुटका नाही.

पण अडचण दुसरीकडे आहे. रेशो वाढवला की ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल आपोआप पेटायला लागतं, म्हणजे नॉकिंग सुरू होतं. नॉकिंगचा टणटण आवाज तर होतोच, शिवाय पिस्टनचा माथा वितळतो, रिंगा अडकतात. तेव्हाच्या ब्रिटिश लष्करी विमानांचं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं (ऑक्टेन म्हणजे पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही त्याचा आकडा). रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन, जे ऑक्टोबर १९३३ मध्ये पहिल्यांदा चाललं, त्याचा रेशो ६ च होता. ‘खूप वाढवलेलं’ म्हणजे ९ किंवा १० धरलं, तर त्या इंधनावर ते इंजिन पूर्ण जोरावर चढाई करताना फार काळ टिकलं नसतं. ज्यानं असं इंजिन चोरलं, त्याला सोबत इंधनाचं रसायनही चोरावं लागलं असतं.

६५ अंशांचं तसंच. बारा सिलिंडरच्या चार-स्ट्रोक व्ही इंजिनात (सिलिंडरच्या दोन ओळी ‘व्ही’ आकारात) क्रँकचे, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याचे, दोन फेरे, म्हणजे ७२० अंश, बारांत वाटले की ६० येतात. म्हणून मर्लिन ६० अंशांचं. कोन ६५ केला की स्फोट सारख्या अंतरानं होत नाहीत, एकदा ६५, एकदा ५५, असे आलटून पालटून होतात. चाल किंचित लंगडी होते आणि आवाजात एक खालचा सूर वाढतो. फायदा इतकाच की दोन ओळींच्या मधल्या खोबणीत पाच अंश जास्त जागा मिळते, इनटेकच्या नळ्या सरळ आणि रुंद बसवता येतात. पुढे फेरारीनं आपल्या बारा सिलिंडरच्या काही गाड्यांत ६५ अंश वापरलेही. म्हणजे हा आकडा अशक्य नाही, पण नीरवतेच्या विरुद्ध दिशेला जातो.

बरं, इंजिन खरोखर गप्प बसवलं असं धरू. विमान गप्प बसेल का? गुऱ्हाळावरचं जुनं संथ ऑइल इंजिन, ६५० फेऱ्यांचं, एका सिलिंडरचं, सेकंदाला साडेपाच स्फोट करतं. म्हणून आपल्याला एकेक ठोका वेगळा ऐकू येतो. मर्लिनसारखं बारा सिलिंडरचं इंजिन २,६०० फेऱ्यांवर सेकंदाला २६० स्फोट करतं, ठोके मिसळून सूर तयार होतो. या सुराखाली प्रोपेलरचा वेगळा गुरगुराट असतो. सव्वातीन-साडेतीन मीटर व्यासाचा प्रोपेलर थेट २,६०० फेऱ्यांनी फिरवला तर पात्याचं टोक ध्वनीच्या वेगापलीकडे जातं आणि कानठळ्या बसवतं. गिअर लावून फेऱ्या साधारण १,२४० वर आणल्या तरी टोक सेकंदाला २१० ते २३० मीटर धावतं. चांगला मफलर लावून एक्झॉस्ट दाबता येतो. पात्याला मफलर लावता येत नाही.

हे प्रत्यक्षात कसं करावं लागतं त्याचं उदाहरण पुढे मिळालं. अमेरिकी सैन्यानं व्हिएतनाममध्ये १९७० च्या सुमारास लॉकहीडचं वायओ-३ए नावाचं टेहळणी विमान वापरलं. एकूण ११ बांधली. मोठा, हळू फिरणारा लाकडी प्रोपेलर, मधे फेऱ्या कमी करणारी पट्ट्याची योजना, आणि विमानाच्या अंगाबरोबर लांबवर नेलेला मफलर. रात्री कमी उंचीवरून गेलं तरी खाली पत्ता लागत नसे. किंमत अशी की वेग गेला आणि वजन उचलायची ताकद गेली. बॉम्ब घेऊन जाणारं नीरव विमान या मार्गानं झालं नसतं.

आता १९३५ कडे परत. आवाजाला इतकं महत्त्व का? कारण त्या वेळी येणारं विमान हेरायचं मुख्य साधन कानच होता. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, केंटमधल्या डेंज इथं, १९२८ ते १९३० च्या दरम्यान काँक्रीटचे ध्वनी-आरसे बांधले गेले: २० फूट आणि ३० फूट व्यासाच्या दोन वाट्या आणि २०० फूट लांबीची एक वक्र भिंत. समुद्रावरून येणारा आवाज या पृष्ठभागावर आपटून एका ठिकाणी गोळा होई, तिथं माणूस किंवा मायक्रोफोन. मोठ्या भिंतीला चांगल्या हवेत तीस-एक किलोमीटरवरचं विमान ऐकू येई. हे आरसे अजून उभे आहेत.

हिशेब मांडू. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३० किलोमीटर यायला ८८ सेकंद. तेव्हाचं हेफर्ड बॉम्बर ताशी २२५ किलोमीटरनं येतंय असं धरलं, तर आवाज कानावर पडेपर्यंत ते साडेपाच किलोमीटर पुढे आलेलं असतं. उरलेल्या अंतराला साडेसहा मिनिटं. वेग दुप्पट झाला की उरतात अडीच मिनिटं. तेवढ्या वेळात लढाऊ विमान जमिनीवरून उठून उंची गाठू शकत नाही. त्यात वारा उलटा असला, जवळून आगबोट चालली असली, तर ऐकणाऱ्याचं काम तिथंच संपतं. अशा व्यवस्थेसमोर आवाज न करणारं इंजिन आलं तर ती भिंत नुसतं काँक्रीट उरते. त्या बिचाऱ्या बाईनं हॅनेला सांगितलेला धोका अतिशयोक्त नव्हता.

आणि नेमक्या त्याच वर्षी खरं गुपित वेगळ्याच जागी जन्माला येत होतं. २६ फेब्रुवारी १९३५ ला डॅव्हेंट्री इथल्या बीबीसीच्या लघुलहरी केंद्राच्या ४९ मीटर लहरी एका हेफर्ड विमानावरून परत येतात का, हे रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि आर्नल्ड विल्किन्स यांनी एका शेतात गाडी उभी करून तपासलं. सुमारे १३ किलोमीटरपर्यंत विमानाचा मागोवा लागला. हीच ब्रिटिश रडारची सुरुवात. विमानाचं इंजिन गाजतंय की गप्प आहे याच्याशी रेडिओलहरींना काही देणंघेणं नाही. म्हणजे चित्रपट पडद्यावर यायच्या तीन महिन्यांहून जास्त आधीच त्यातलं गुपित निरुपयोगी व्हायला लागलं होतं, आणि ते प्रेक्षकांपैकी कोणाला माहीत असणं शक्य नव्हतं, कारण ते खरोखर गुप्त होतं. हे कळल्यावर मेमरीची शेवटची धडपड आम्हाला जास्तच चटका लावते.

चोरीच्या पद्धतीकडे वळू, कारण पटकथेतली सगळ्यात पक्की गोष्ट ती आहे. हॅने कानीकपाळी ओरडतो, पण अधिकारी म्हणतात की हवाई खात्यातून एकही कागद गहाळ नाही. आणि ते खरंच असतं. कागद तात्पुरते मिळवले, मेमरीकडून पाठ करून घेतले, कोणाला शंका यायच्या आत जागच्या जागी ठेवले. आता मेमरीला देशाबाहेर न्यायचं एवढंच. झडतीत काय सापडणार? कादंबरीतही कागद चोरीला जात नाही, गुपित डोक्यातूनच जातं. पण तिथं पाठ करणारा स्वतः कसलेला हेर आहे. चित्रपटात ते काम एका साध्या कलाकाराच्या पोटापाण्याच्या धंद्याला जोडलंय. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंच, ही त्याची व्यावसायिक निष्ठा. म्हणून भरल्या थिएटरात हॅने ‘थर्टी-नाइन स्टेप्स म्हणजे काय?’ असं ओरडून विचारतो तेव्हा मेमरी गप्प बसू शकत नाही. उत्तर सुरू होतं आणि गोळी सुटते. मेमरीचं पात्र हिचकॉकनं ‘डेटास’ नावाच्या खऱ्या कलाकारावरून घेतलं होतं. ‘बरोबर आहे ना, साहेब?’ ही पालुपदाची ओळही त्याच्याकडचीच.

पण डोक्यातून इंजिन नेता येतं का? तत्त्व नेता येतं. रेशो, कोन, बोअर (सिलिंडरचा व्यास), स्ट्रोक (पिस्टनची धाव), व्हॉल्वच्या वेळा, हे आकडे आहेत, पाठ होतात. मर्लिनचा बोअर ५.४ इंच, स्ट्रोक ६ इंच, सिलिंडर १२. एवढ्यावरून आकारमान २७ लिटर हे कोणीही काढेल. इथून पुढे काय लागतं ते आपल्याकडच्या कुठल्याही फौंड्रीत उभं राहिलं की समजतं. सिलिंडर ब्लॉकचं कास्टिंग घ्यायचं तर आधी पॅटर्न, म्हणजे साच्यात ठसा उमटवायचा नमुना. पॅटर्न नेमक्या मापाचा करून चालत नाही, कारण धातू गार होताना आकसतो. बिडाला मीटरमागे साधारण १० मिलिमीटर, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला १३ ते १६, पोलादाला २० च्या आसपास. मिश्रधातू कुठला हे कळलं नसेल तर पॅटर्नचं मापच ठरवता येत नाही. पाण्याच्या वाटांसाठी कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) कुठे टेकवला, हवा कुठून काढली, रायझर (आकसणाऱ्या धातूला भर देणारा साठा) कुठे ठेवला, हे चुकलं की जाड आणि पातळ भाग जिथं मिळतात तिथं आत पोकळी राहते. ती बाहेरून दिसत नाही. मशिनिंगला गेल्यावर बोअरच्या शेवटच्या कटला उघडी पडते आणि आख्खं कास्टिंग भंगारात. त्यानंतर पिस्टन आणि लायनरमधली (सिलिंडरच्या आतल्या अस्तरामधली) फट किती थाऊ (इंचाचा हजारावा भाग) ठेवायची, उष्णतेनं कुठला भाग किती फुगतो, बेअरिंगला कुठला धातू. याची उत्तरं ड्रॉइंगच्या गठ्ठ्यात असतात, आणि बरीचशी ड्रॉइंगमध्येही नसतात. ती ओतकाम करणाऱ्याच्या आणि फिटरच्या हातात असतात. मेमरीनं सीमा ओलांडली असती तर शत्रूच्या हाती चांगली दिशा लागली असती. चालतं इंजिन मिळवायला त्यांना काही वर्षं स्वतः खपावंच लागलं असतं.

हे सगळं बोलायचं कारण, चित्रपट स्वतः आवाजावर उभा आहे. नीरव इंजिनाच्या गोष्टीत हिचकॉक प्रत्येक महत्त्वाचा टप्पा कानाला ऐकवून गाठतो. मेमरीच्या प्रवेशाची धून हॅनेच्या डोक्यात अडकते, तो नकळत ती शिटीवर वाजवत राहतो, पण कुठे ऐकली ते आठवत नाही. पॅलेडियममध्ये तीच धून सुरू होते तेव्हा कोडं सुटतं. कागद नाही, ठसा नाही, पुरावा आहे तो एक सूर.

सगळ्यात गाजलेली जोडणी मोलकरणीची. तिला हॅनेच्या घरात प्रेत दिसतं, ती वळते, किंचाळायला तोंड उघडते, आणि बाहेर पडते ती रेल्वेची कर्कश शिटी. लगेच बोगद्यातून धडधडत येणारी गाडी. चित्र बदलायच्या आधी आवाज बदललेला आहे. आज हे रोजचं वाटेल. तेव्हा ब्रिटनमध्ये बोलपट येऊन जेमतेम सहा-सात वर्षं झाली होती, आणि दिसणाऱ्या तोंडातून त्याच तोंडाचा आवाज यावा ही अपेक्षा पक्की होती. ती मोडायला धाडस लागतं आणि संकलनाच्या टेबलावर चित्र नि आवाज हे दोन वेगळे फीत-तुकडे म्हणून हाताळायची सवय लागते.

कोल्हापुरात हे कौशल्य याच काळात घडत होतं. प्रभात कंपनी इथं १ जून १९२९ ला सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्याला गेली, आणि मधल्या काळात १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट इथंच झाला. ध्वनिमुद्रणाची धुरा विष्णुपंत दामल्यांकडे. पार्श्वगायनाची सोय नव्हती. नट कॅमेऱ्यासमोर गाणार, वाजवणारे चौकटीबाहेर बसणार, आणि एकाच वेळी सगळं टिपलं जाणार. बाबूराव पेंटरांचा कॅमेरा घडवण्यात ज्यांचे हात होते, तेच पुढे आवाजाच्या यंत्राशी झटले. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी थांबलात तर हेही आठवा.

आता तुमच्या मंडळानं किंवा कॉलेजच्या फिल्म क्लबनं हा चित्रपट दाखवायचा ठरवला तर काय सांभाळायचं ते. जुनी १६ मिलिमीटरची प्रिंट मिळाली तर मिनिटाला ३६ फूट या हिशेबानं सुमारे ३,१०० फूट होतात, १६०० फुटी दोन रिळं. १६ मिलिमीटरला ध्वनी चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापलेला असतो. प्रोजेक्टरच्या खालच्या बाजूचा लूप (फिल्मचा सैल वळसा) एक-दोन फ्रेमनी लहानमोठा झाला की हे अंतर मोडतं. साध्या संवादात ते चालून जातं. मोलकरणीच्या तोंडातून शिटी मात्र चुकीच्या क्षणी निघते आणि सगळा परिणाम धुऊन जातो. म्हणून लूप घालताना प्रोजेक्टरवरच्या खुणेबरहुकूम घाला, आणि हाच प्रसंग आधी लावून तपासा.

डिजिटल असेल तरी हीच तपासणी. ब्लूटूथ स्पीकर बिलकूल नको. त्याचा उशीर सहज दीड-दोन दशांश सेकंदांचा असतो, म्हणजे चार-पाच फ्रेम. वायर लावा. हॉल लांब असेल तर शेवटच्या रांगेला आवाज तसाही उशिरा पोहोचतो: दर १४ मीटरला एक फ्रेम. स्पीकर पडद्यापाशीच ठेवा, मधोमध, एकच. चित्रपट मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या आवाजाचा आहे. डावा-उजवा, सराउंड, ‘सिनेमा इफेक्ट’ असलं जे काही ॲम्प्लिफायरवर असेल ते बंद. त्यानं संवाद पोकळ होतात.

ट्रेबल थोडा उतरवा. त्या काळच्या ध्वनिपट्टीवर वरचे सूर फारसे नाहीतच, तिथं आहे ती खरखर. पण नॉइज रिडक्शन लावू नका. ते खरखरीबरोबर खोलीतला श्वासही खातं, आणि स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्याच्या घरातला प्रसंग त्या शांततेवरच चालतो. शेतकऱ्याच्या तरुण बायकोची, पेगी ॲशक्रॉफ्टची, कुजबुज मागच्या रांगेत कळली तर आवाजाची पातळी बरोबर आहे असं समजा. फरशीचा, उघड्या भिंतींचा हॉल असेल तर मागच्या भिंतीला जाड सतरंज्या टांगा, घुमणं कमी होतं. आणि जुलै-ऑगस्टात पत्र्याच्या छपराखाली हा चित्रपट ठेवू नका. कोल्हापूरच्या पावसापुढे कुठलाही ॲम्प्लिफायर टिकत नाही. दिवाळीनंतरची तारीख घ्या.

चित्राची चौकट १.३७ ला १. नव्या प्रोजेक्टरवर डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे येणारच, ते येऊ द्या. पडदा भरायच्या नादात चित्र ताणलं तर माणसं बुटकी होतात, आणि वर-खाली कापलं तर हेरांचा म्होरक्या असलेल्या प्रोफेसरनं हात वर करून दाखवलेली तुटकी करंगळी कडेला जाते. फाइलची लांबी बघा. ८६ ऐवजी साडेब्याऐंशी मिनिटं दिसली तर ती सेकंदाला २५ फ्रेमनं चालणारी प्रत आहे: सगळे चार टक्के घाईत, आवाज जवळजवळ पाऊण सेमीटोन वर (हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन). प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा आणि आवाजाची पट्टी तशीच राखणारा पर्याय बंद ठेवा, म्हणजे वेगाबरोबर सूरही मूळ जागी येतो.

मराठी उपशीर्षकं लावणार असाल तर मेमरीच्या शेवटच्या भाषणाला ती अर्धवट टाकू नका. सूत्राच्या जागी काहीतरी मोघम मजकूर देऊन भागवू नका. तो जसा तुटक बोलतो तसंच, तुकड्या-तुकड्यानं, एका वेळी एक ओळ द्या. मागे बँड चालू असतो, मुली नाचत असतात, त्या गलक्यात सूत्र कानानं पकडणं इंग्रजी येणाऱ्यालाही जड जातं. देवनागरीत मात्रा आणि उकार कापले जाऊ नयेत म्हणून दोन ओळींतलं अंतर मूळ मांडणीपेक्षा थोडं वाढवा, आणि ‘गॅमा’ हा शब्द तसाच ठेवा. प्रेक्षकांत उद्यमनगरची चार माणसं असली तर चित्रपट संपल्यावर कंस कुठे घालायचा यावर वाद होईल. त्यासाठी फळा आणि खडू तयार ठेवा.